दोन केंद्रबिंदू: पांबन पुलाचे एक जुने ड्रॉइंग वाचताना झालेली चूक

रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा जुना रेल्वे पूल मराठी घरांना तसा परका नाही. रामेश्वराची वाळू प्रयागला न्यायची आणि तिथली गंगा आणून रामेश्वरावर घालायची ही यात्रेची रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली ती कावडही रामेश्वरालाच निघालेली होती. त्यामुळे गाडी समुद्रावरून कशी जाते आणि खिडकीतून खाली बघितले की पाण्याशिवाय काहीच कसे दिसत नाही, हे सांगणारी एखादी आजी पुण्यात पुष्कळ घरांत भेटते. मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्ररेखाटन शिकवतो. आमच्या चार विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी या पुलाच्या उचलत्या गाळ्याचे, म्हणजे जहाजांसाठी उघडणाऱ्या भागाचे, चालते मॉडेल करायचे ठरवले, त्यालाही निमित्त त्यांच्यापैकी एकीच्या आजीचेच होते. एप्रिल २०२५ मध्ये नवा पांबन पूल सुरू झाल्याची बातमी पाहताना आजींनी विचारले, "आणि तो जुना, मधून दोन्हीकडे उघडणारा, त्याचं काय झालं?"

त्या मॉडेलसाठी वापरलेले एक जुने ड्रॉइंग आमच्याकडून चुकीचे वाचले गेले. ती चूक जवळजवळ तीन महिने कोणाच्याही लक्षात आली नाही आणि त्या तीन महिन्यांत मॉडेल उत्तम चालत होते. या शेवटच्या गोष्टीमुळेच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

पूल आणि त्याची पत्रके

जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीला खुला झाला. त्याची लांबी सुमारे २,०६५ मीटर आहे. त्यात लहान पोलादी गर्डरांचे (तुळयांचे) १४५ गाळे असून जहाजे जाण्यासाठी एक मोठा उचलता गाळा आहे. हा गाळा दोन पात्यांचा आहे. प्रत्येक पात्याचे वजन चारशे टनांहून अधिक असून दोन्ही पाती मिळून साठ मीटरपेक्षा थोडे अधिक अंतर झाकतात. जहाज आले की दोन्ही काठांवरची माणसे दांडे फिरवून ही पाती हाताने उघडत असत. डिसेंबर २०२२ मध्ये या पुलावरून गाड्या बंद झाल्या.

या रचनेला शेर्झर पद्धतीचा लोळता पूल म्हणतात. विल्यम शेर्झर याने ती शिकागोच्या नदीवरील पुलांसाठी शोधली. १८९३ मध्ये त्याचे निधन झाले आणि पेटंटही त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, मंजूर झाले. पांबनचा गाळा शेर्झरने स्वतः आखला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या अहवालातही ते तसेच उतरले होते. पांबनच्या वेळी त्याला जाऊन वीस वर्षे होत आली होती. पद्धत त्याची, गाळा त्याच्या पश्चात इतरांनी बांधलेला, असे म्हणणे बरोबर आहे. या गाळ्याचे पोलादकाम इंग्लंडमधील थॉर्नबी-ऑन-टीझ येथील हेड राइटसन या कारखान्यात झाले आणि सुटे भाग जहाजाने इकडे आले.

आमच्या हाती आलेली ड्रॉइंगची पत्रके नारायण पेठेत राहणाऱ्या एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांची. त्यांची उभी हयात रेल्वेच्या पूल विभागांत गेली आणि अभ्यासासाठी म्हणून त्यांनी जुन्या प्रिंटच्या प्रती जमवल्या होत्या. पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यात गुंडाळलेली ती सात पत्रके त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मूळ रेखाटन शाईने ट्रेसिंग क्लॉथवर झालेले असणार. त्यावरून निळ्यावर पांढऱ्या रेषांचा ब्ल्यू प्रिंट, पुढे कधीतरी पुन्हा ट्रेसिंग, त्यावरून अमोनिया प्रिंट, आणि आता आम्ही त्याचे स्कॅनिंग करणार होतो. म्हणजे आमच्यापर्यंत आली ती नकलेची नकल होती, आणि प्रत्येक नकलेत काही ना काही गळत गेले होते.

सुरुवातीला सापडलेल्या चुका

पहिली गफलत आपली आपणच उघडी पडली. सातही पत्रके एका काळातील नव्हती. उचलत्या गाळ्याचे पत्रक मीटर गेजच्या काळातले होते आणि लहान गाळ्यांचे पत्रक ब्रॉड गेजसाठी पूल मजबूत केला त्या वेळचे, म्हणजे २००६-०७ च्या आसपासचे होते. विद्यार्थ्यांनी दोन्ही एकत्र वापरली. एकास शंभर प्रमाणात मीटर गेजचे रूळ १० मिलिमीटर अंतरावर येतात आणि ब्रॉड गेजचे जवळजवळ १७ मिलिमीटरवर. लहान गाळ्याचे रूळ उचलत्या गाळ्याला भिडवायला गेल्यावर ते जुळेनात आणि अर्ध्या तासात कारण कळले. जुन्या पुलाची पत्रके एकाच वेळचा पूल दाखवत नाहीत हे या निमित्ताने मुलांना समजले. पांबनच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या चक्रीवादळात पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर समुद्रात गेली, शंभराहून अधिक माणसे दगावली आणि पुलाचे १२६ गर्डर वाहून गेले. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. त्यासाठी समुद्रातून काढलेले गर्डरही परत बसवण्यात आले. वादळात उचलता गाळा मात्र टिकून राहिला होता. तेव्हा कोणत्याही पत्रकाची तारीख आणि त्यावरील दुरुस्त्यांचा तक्ता पाहिल्याशिवाय त्या पत्रकावरील रेघ पुलाच्या कोणत्या वयाची आहे हे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट कागदाच्या आकसण्याची. ब्ल्यू प्रिंटचा कागद पाण्यात धुऊन वाळवतात आणि वाळताना तो लांबीत व रुंदीत सारखा आकसत नाही. आमच्या एका पत्रकाचे प्रमाण एका फुटाला पाव इंच होते, म्हणजे ४० फुटांचे अंतर १० इंच भरायला हवे होते. ते ९ आणि सात-अष्टमांश इंच भरले. हा सव्वा टक्क्याचा फरक झाला. आडव्या दिशेला तो याहून कमी होता. ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप काढू नये, लिहिलेला आकडाच प्रमाण मानावा, हा आमच्या विषयाचा पहिला धडा आहे आणि मुलांनी तो काटेकोरपणे पाळला.

या दोन्ही गोष्टी वेळेवर सापडल्यामुळे माझ्यासकट सर्वांनाच वाटू लागले की ड्रॉइंगची तपासणी व्यवस्थित झाली आहे. पुढच्या चुकीला त्या समाधानाने जागा करून दिली.

मुख्य चूक

उचलत्या गाळ्याच्या उभ्या दर्शनात (बाजूने दिसणाऱ्या चित्रात) प्रत्येक पात्याच्या मागच्या टोकाला एक मोठा वर्तुळखंड आहे. त्याच्या केंद्रस्थानी दोन मध्यरेषा एकमेकींना छेदतात आणि छेदनबिंदूवर एक लहान वर्तुळ आहे. वर्तुळखंडाच्या खाली एक जाड, लांब आडवा गर्डर आहे आणि त्याच्या माथ्यावर ओळीने दाते आहेत. विद्यार्थ्यांनी त्या लहान वर्तुळाला बिजागरीची पिन मानले. दार जसे बिजागरीवर फिरते तसे पाते त्या पिनभोवती फिरते, असा अर्थ त्यांनी लावला आणि त्यांनी विचारल्यावर मी तो मान्य केला. मनात शंकाही आली नाही. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना उघडणारी वस्तू म्हटली की बिजागरीच दिसते.

मॉडेलचे भाग भोसरीला लेझरवर कापून आणले, पितळी पट्ट्या आणि बारीक पिना बोहरी आळीतून आल्या. जोडणी झाल्यावर पाते दोन-तीन अंश उठले आणि घट्ट अडकले. दात्यांनी ते धरून ठेवले होते. मुलांनी दोन दिवस दाते बारीक केले, तरी पाते अडकतच राहिले. मग त्यांनी खालच्या आडव्या गर्डरवरचे, म्हणजे ट्रॅकवरचे, दाते कानशीने पूर्ण घासून टाकले, आणि पाते बोटाच्या धक्क्याने वर जाऊ लागले. काउंटरवेट, म्हणजे पाते तोलून धरणारे वजन, नीट बसवलेले असल्यामुळे ते कुठेही सोडले तरी तिथेच थांबत असे. पाहुणे आले की आम्ही हौसेने ते दाखवत होतो.

आज मागे वळून पाहता, त्या पत्रकाने आम्हाला किमान तीन ठिकाणी हटकले होते. पहिले ठिकाण अर्थातच ते दाते. ड्रॉइंगमध्ये इतके बारकाईने दाखवलेले दाते मॉडेल चालवण्यासाठी काढून टाकावे लागत असतील, तर दोष दात्यांत शोधण्याऐवजी आपल्या समजुतीत शोधायला हवा होता. दुसरे ठिकाण एका विद्यार्थिनीच्या प्रश्नात होते. तिने विचारले होते, "सर, सगळं वजन पिनवर आहे, तर खालचा हा आडवा गर्डर एवढा दणकट आणि मागपर्यंत एवढा लांब कशाला?" मी काउंटरवेटच्या आधारासाठी असेल असे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे तर होतेच, शिवाय मी ते पत्रकाकडे न पाहता दिले होते, आणि त्या चांगल्या प्रश्नाचा विचार तिथेच थांबला याची मला अजूनही रुखरुख आहे.

तिसरे ठिकाण स्कॅनमध्ये होते. केंद्राच्या त्या लहान वर्तुळापासून मागे, त्याच उंचीवर, तसेच आणखी एक वर्तुळ अर्धवट दिसत होते आणि त्याच्या आसपास काही तुटक रेघा होत्या. प्रिंट घेताना कागद हलून रेषा दुहेरी उमटली असावी असे समजून मुलांनी संगणकावर ती साफ करून टाकली.

चूक कशी सापडली

मॉडेल पूर्ण झाल्यावर मुलांनी शेवटची पडताळणी म्हणून पत्रकावर लिहिलेली मापे आणि मॉडेलची मापे यांचा तक्ता केला. मिटलेल्या स्थितीतील सर्व आकडे जुळले. पाती पूर्ण उघडल्यावर मधे मोकळा राहणारा जहाजमार्ग मात्र लिहिलेल्या मापापेक्षा मॉडेलमध्ये बराच अरुंद भरला. कागदाच्या आकसण्याने फार तर एक-दीड टक्का फरक पडतो आणि येथे लिहिलेला आकडाच वापरला असल्याने तोही पडायला नको होता. शिवाय तूट दोन्ही बाजूंना अगदी सारखी होती. कापणीतली चूक असती तर ती एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला कमी, अशी दिसली असती. दोन्हीकडे सारखी तूट म्हणजे दोन्ही पात्यांना आम्ही एकच चुकीचा नियम लावला होता.

मुले मॉडेल घेऊन काकांकडे गेली आणि मीही बरोबर गेलो. काकांनी पाते एकदा वरखाली करून पाहिले आणि ट्रॅकवरून बोट फिरवले. "दाते कुठे गेले रे?" एवढेच त्यांनी विचारले. मग स्वयंपाकघरातून स्टीलची एक ताटली आणली. तिच्या मध्यावर पेनाने ठिपका काढला, ठिपक्यापासून काठापर्यंत एक रेघ ओढली, ताटली टेबलावर उभी धरली आणि हळूहळू मागे लोळवली. रेघ कलत गेली आणि ठिपका टेबलापासून तेवढ्याच उंचीवर राहून सरळ मागे सरकत गेला. "हे पातं फिरत नाही, लोळतं," ते म्हणाले. नंतर त्यांनी मूळ अमोनिया प्रिंट पसरला आणि मुलांच्या हातात भिंग दिले. मागच्या बाजूला, फिकट तपकिरी होत चाललेल्या बारीक तुटक रेषांत, उघडलेल्या स्थितीतील अख्खे पाते काढलेले होते. स्कॅनमध्ये जो डाग समजून पुसला, तो त्या स्थितीतला केंद्रबिंदू होता.

तुटक रेषा नाहीशा होण्याचे कारण साधे होते. स्कॅनिंग केवळ काळे आणि पांढरे अशा दोनच छटांत झाले होते. ठरावीक मर्यादेपेक्षा फिकट असलेली प्रत्येक रेष अशा स्कॅनमध्ये पांढरी होते. स्कॅनिंगच्या दुकानदाराने आम्ही सांगितले तसे काम केले होते; करड्या छटांत स्कॅन करा हे सांगणे आमचे काम होते आणि आम्ही ते सांगितले नव्हते. मूळ प्रिंट पेठेत दहा मिनिटांच्या अंतरावर असताना तीन महिन्यांत स्कॅनशी तो एकदाही ताडून पाहिला नाही, ही त्याहून मोठी चूक होती.

लोळण्याने काय बदलते

शेर्झर पद्धतीत पाते ज्याभोवती फिरेल असा अचल आस नसतो. वर्तुळखंड आडव्या ट्रॅकवर मागे लोळतो, त्याबरोबर पात्याचे पुढचे टोक वर उठते आणि सबंध पाते जलमार्गापासून मागे सरकते. ट्रॅकवरचे दाते वर्तुळखंडावरील खाचांत बसतात आणि लोळताना घसरण होऊ देत नाहीत. पाते फिरवण्याचे काम हे दाते करत नाहीत. मागे सरकण्याचे अंतर त्रिज्या गुणिले कोन इतके असते. उदाहरणादाखल त्रिज्या ५ मीटर आणि कोन ८० अंश धरला, तर ५ गुणिले १.३९६, म्हणजे जवळजवळ ७ मीटर सरक मिळते, आणि दोन्ही पात्यांची मिळून १४ मीटर. बिजागरी मानल्यामुळे आमच्या मॉडेलने ही सरक दोन्ही बाजूंनी गमावली होती. जहाजाला तेवढी वाट कमी.

या रचनेचा मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग तोलाचा आहे. पाते आणि काउंटरवेट यांचा मिळून गुरुत्वमध्य वर्तुळखंडाच्या केंद्रावर येईल असे वजन बसवतात. लोळणाऱ्या वर्तुळाचे केंद्र वरखाली होत नाही, ते आडव्या रेषेत सरकते. म्हणजे शेकडो टनांचे पाते आकाशाकडे उभे राहते, पण त्याचा गुरुत्वमध्य तसूभरही वर जात नाही. वजन उचलण्याचा प्रश्नच उरत नाही, फक्त घर्षण आणि वारा यांच्याशी झुंजावे लागते, आणि म्हणूनच माणसांच्या हातांनी हा पूल उघडत असे. अचल पिनवर तोललेले पातेही हलकेच फिरते. त्यामुळे तोलाच्या परीक्षेत आमचे चुकीचे मॉडेल पास झाले आणि आम्ही फसलो.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. पाते मागे लोळते तेव्हा वर्तुळखंड ट्रॅकला टेकतो तो बिंदूही मागे जातो, आणि पात्याचा सगळा भार त्याच्याबरोबर ट्रॅकवरून चालत जातो. त्या वाटेवरील प्रत्येक जागेला आळीपाळीने चारशे टनांहून अधिक भार पेलावा लागतो. म्हणून तो आडवा गर्डर लांब आणि दणकट आहे. नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ उभा वर जातो. त्याचा भार दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांवरच राहतो आणि असा चालता भार तेथे नसतो. जुन्या आणि नव्या पुलाची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा फरक आवर्जून पाहावा.

दुसरे मॉडेल

मुलांनी पिन काढून टाकली, दाते पुन्हा कापून आणले आणि हँडलच्या जोडणीसाठी केंद्राच्या उंचीवर एक आडवी खाच ठेवली. ही चालवण्याची सोय आमची आहे, पांबनची नव्हे, असे अहवालात स्पष्ट लिहिले. नवे स्कॅन करड्या छटांत, तेही भिंग घेऊन मूळ प्रिंटशी चौरस चौरस ताडत केले. या फेरीत आणखी एक गोष्ट हाती लागली. रिव्हेटची (पोलादी भाग जोडणाऱ्या खिळ्यांची) काही वर्तुळे पोकळ आणि काही भरीव काळी होती. पहिल्या मॉडेलमध्ये मुलांनी सर्व सारखीच दाखवली होती. पोकळ म्हणजे कारखान्यात मारलेले रिव्हेट आणि काळे म्हणजे जागेवर मारायचे, असा संकेत आहे. काळ्या ठिपक्यांच्या ओळी रंगवत गेल्यावर पाते कोणकोणत्या तुकड्यांत थॉर्नबीहून आले असेल याचा नकाशाच कागदावर उमटला. मुले त्या दिवशी रात्री नऊपर्यंत प्रयोगशाळेतून हलली नाहीत.

नव्या मॉडेलमध्ये पाती उघडल्यावरचा मोकळा मार्ग लिहिलेल्या मापाशी एका मिलिमीटरच्या आत जुळतो. पाते आता बोटाच्या धक्क्याने जात नाही, हँडल फिरवावे लागते आणि दाते एकेक करून खाचांत बसताना बारीक टकटक ऐकू येते. घासलेल्या दात्यांचा जुना ट्रॅक आम्ही फेकला नाही. तो नव्या मॉडेलशेजारीच ठेवला आहे आणि त्याच्याखाली जुन्या स्कॅनचा पुसलेला भाग व मूळ प्रिंटचा तोच भाग एकाखाली एक लावले आहेत. काकांच्या सातपैकी चार पत्रकांचे वाचन या रीतीने पूर्ण झाले आहे. उरलेल्या तिनांपैकी एकावर दुरुस्त्यांच्या तक्त्यातील शेवटची ओळ घडीवर आली असून कागद तेथे विरला आहे, म्हणून ते पत्रक सपाट करून घेतल्याशिवाय स्कॅन करायचे नाही असे ठरले आहे.